व्याहीबुवांचा रुबाब, मूळ अर्थासहित

रुबाब हा शब्द स्वतःच्या पायांनी चालत आला तर कसा दिसेल, हे ज्यांना बघायचं होतं त्यांनी माझ्या व्याह्यांना झाशीच्या सब्जी मंडीतून दोन लिंबं घेऊन परतताना बघायला हवं होतं. आता ती सोय राहिली नाही; गेल्या थंडीत ते गेले. पण ज्यांनी पाहिलं ते सांगतील की त्या पिशवीत दोनच लिंबं आहेत यावर कुणाचा विश्वास बसत नसे. उंची पाच फुटांच्या आतबाहेर, अंगाने उसाच्या कांडीसारखे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि नोकरी म्हणाल तर कालव्यांच्या नहर विभागात कारकुनाची, म्हणजे इकडच्या भाषेत बाबू. यातलं काहीही भारदस्त नव्हतं. तरी ते समोरून आले की रिक्षावाला न सांगता बाजूला होई, कचेरीचा चपराशी सदऱ्याचं वरचं बटण लावी, आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गाय, जी कलेक्टरच्या गाडीलाही दाद देत नाही, ती उठून उभी राही. मी प्रेमाने फुगवून सांगतोय असं वाटेल. थोडं फुगवतोयच. पण गाय खरंच उठली होती, एकदा, माझ्यासमोर.

झाशीच्या मराठी मंडळींत मात्र त्यांची एकच गोष्ट सांगितली जाते. पोराच्या लग्नात, भरल्या पंगतीतून, जिलबी वाढायला सुरुवात होत असताना व्याही रुसून उठले आणि सगळ्या पंगतीला अर्धपोटी उठावं लागलं. ही गोष्ट माझ्या घरात सांगितली जाते, त्यांच्या घरात सांगितली जाते, आणि ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ते ती हातवारे करून सांगतात. गोष्ट चुकीची आहे. ती चुकीची आहे हे त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं, आणि मी ती तीसेक वर्षं तशीच चालू दिली. आता मी ऐंशीच्या घरात आहे. इथल्या मराठी समाजाच्या अंकासाठी आठवणीतल्या माणसावर काहीतरी लिहून द्या म्हणून निरोप आला, तेव्हा दुसरं कुणी आठवलंच नाही.

झाशीत मराठी माणसं दोन तऱ्हांची. एक जुनी, पेशव्यांच्या वेळी फौजेबरोबर आणि कचेऱ्यांबरोबर आलेली. ती घरात अजून माजघर आणि पडवी म्हणतात आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की अस्सल बुंदेली बोलतात. दुसरी आमच्यासारखी, रेल्वेने बदली करून आणून टाकलेली. मी भुसावळहून आलो, पार्सल ऑफिसात होतो. बदली परत होईल या आशेवर कितीतरी दिवस सामानाच्या पेट्याच उघडल्या नाहीत, आणि मग प्रेम नगरात घरच बांधलं. जुन्या घराण्यांना आम्ही म्हणजे फलाटावर कुणीतरी विसरून गेलेलं सामान वाटायचो. त्यामुळे माझ्या थोरलीला त्यांच्या मुलाचं स्थळ सांगून आलं तेव्हा मी दडपून गेलो. जुन्या घराण्यातल्या प्रत्येकाचा एक पूर्वज सरदार असतो, आणि चहा यायच्या आधी तो भिंतीवरून खाली उतरतो. मनाची तयारी करून मी बोलणी करायला गेलो आणि अदबीने विचारलं, आपले पूर्वज फौजेत कोण होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"हत्तीवर अंबारी ठेवतात ना," ते म्हणाले, "तिचे दोर आवळायला होते."

मला थट्टा वाटली, मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "हसू नका, व्याहीबुवा. वर बसलेल्याचा सगळा रुबाब खालच्या गाठीवर असतो. गाठ सुटली की सरदार आणि आंब्याची टोपली एकाच वेगाने खाली येतात."

लग्न ठरायच्या आधीच त्यांनी मला व्याहीबुवा म्हटलं होतं, म्हणजे ठरलंच होतं. आणि रुबाब हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तो तिथेच. पुढे तो इतक्यांदा ऐकला की त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी उच्चारला तर मला चोरी झाल्यासारखं वाटे. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. त्यांनी आयुष्यभर हा एकच शब्द जमवला. फारसी जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलाकडे ते कित्येक रविवार या एका शब्दापायी जाऊन बसले होते. शब्द मूळचा अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ भीती, दहशत, एवढाच. पुढचा प्रवास ते असा सांगत की जणू स्वतः त्याच्याबरोबर सामान घेऊन चालले होते. अरबस्तानातून निघाला तेव्हा त्याच्या हातात चाबूक होता. इराणात आला तर अंगावर जरीचा अंगरखा चढला, पण चाबूक हातातच. दिल्लीला पोचेपर्यंत चाबूक कमरेला खोचला गेला. मग तो दख्खनेत उतरला, तिथे ऊन पाहून त्याने चाबूक एका झाडाला टांगला आणि विसरला, आणि मराठ्यांच्या फौजेबरोबर बुंदेलखंडात परत आला तेव्हा त्याच्याजवळ नुसती चाल उरली होती.

हे ते कुणालाही सांगत. टांगेवाल्याने "दाऊ, काँ जाने?" विचारलं तर कुठे जायचं ते नंतर कळे, आधी अरबस्तान. एकदा दात काढायला गेले. डॉक्टरांनी तोंडात चिमटा घालता घालता सहज म्हटलं, बाबूजी, आपका रौब तो पूरे शहर में है. व्याह्यांनी हात वर करून चिमटा थांबवला, तो बाहेर काढायला लावला, रौब आणि रुबाब यांतला फरक शांतपणे समजावला, आणि मग तोंड पुन्हा उघडलं. हिंदीत बघा, ते सांगत, रौब जमवतात, रौब गाठतात, रौब झाडतात. झाडायची वस्तू ती धूळ. मराठीत रुबाब नुसता असतो. मी म्हटलं, आमच्याकडेही रुबाब करतो, झाडतो असं म्हणतातच की. त्यावर ते म्हणाले, "भुसावळकडे म्हणत असतील." दुसऱ्या एका वेळी मी जरा शहाणपणा केला आणि विचारलं, हा शब्द रबाब नावाच्या तंतुवाद्यावरून तर आला नसेल? त्यानंतर चहा संपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले की वाद्य वाजवावं लागतं.

शेवटी मी एकदा त्यांना गाठून विचारलं, की अरबांची भीती वजा केली, इराण्यांचा जरीचा अंगरखा वजा केला, तर मराठीने ठेवून घेतलं ते काय? त्यांनी बराच विचार केला. "त्याला बघून समोरच्यालाही ताठ उभं राहावंसं वाटतं," म्हणाले, "एवढंच उरतं. वाकावंसं वाटलं तर समजायचं, चाबूक अजून कुठेतरी आहे." मला तेव्हा ती गाय आठवली.

पळणं त्यांना मान्य नव्हतं. सायकल होती, ती ते शेजारून चालवत नेत, कारण वर बसलं की पाय हलवावे लागतात आणि ते बघणाऱ्याला घाईत असल्यासारखं दिसतं. ललितपूरच्या कचेरीत त्यांना एकदा तातडीचं बोलावणं होतं. मी रेल्वेचा माणूस म्हणून पोचवायला गेलो. शिट्टी झाली, गाडी हलली, मी त्यांची पिशवी घेऊन डब्यामागे धावतोय, दांडी धरून त्यांना हाक मारतोय, आणि हे आपले फलाटावरून नेहमीच्या चालीने येतायत. गाडी गेली. मी धापा टाकत उभा. ते आले, शेवटच्या डब्याकडे दाराशी आलेल्या पाहुण्याला निरोप द्यावा तसं बघितलं आणि म्हणाले, "तिला घाई होती." साहेबाने दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला. खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली, की गाडी वेळेवर सुटली. यात चूक कोणाची, हे साहेबाला कित्येक दिवस ठरवता आलं नाही.

कामासाठी त्यांना एरचला बेतवा नदीच्या काठी जावं लागे, कालव्याच्या पाहणीला. गावकरी हार घेऊन उभे असत आणि तो हार न चुकता यांच्या गळ्यात पडे. बरोबर आलेल्या सहा फुटी इंजिनिअरच्या हातात यांची छत्री दिली जाई. हार काढून ते तत्परतेने इंजिनिअरच्या गळ्यात घालत. छत्री परत मागायला मात्र विसरत. येताना चिरगाँवला बस थांबे, तिथे ते चहा पीत, आणि चहा ते फुंकून पीत नसत, निवू देत. बस भरलेली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, पण हॉर्न वाजत नसे. एकदा कुणा नवख्या प्रवाशाने कंडक्टरला विचारलं, कोणाची वाट बघताय. कंडक्टर म्हणाला, "बाबूजी की चाय." प्रवाशाला वाटलं ही एखादी सरकारी व्यवस्था असेल, आणि तो उतरून स्वतःही चहा घेऊन आला.

अशा माणसाने पंगतीतून रुसून उठावं, हे ऐकणाऱ्याला पटतं. तीच तर अडचण आहे.

आता लग्नाकडे येतो. आमचे वडील, अण्णा, तेव्हा आमच्याजवळ झाशीला होते. नोकरीत असताना ते भुसावळला फलाटावर घंटा वाजवायचे, आणि गाडी निघण्याआधी पुढच्या मोठमोठ्या स्टेशनांची नावं लांब सुरात पुकारायचे. तेव्हा कर्णे नव्हते. अण्णांचा गळाच कर्णा होता. म्हातारपणी त्यांचं चित्त जागेवर राहीनासं झालं. मला ते धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत, सकाळी दात घासून झाल्यावर पुन्हा घासायला जात. आम्ही हे बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. थोरलीचं लग्न लागत होतं, पण तिच्या पाठची धाकटी अजून उजवायची होती, आणि घरात वेडाची शंका आली की स्थळं कशी आल्या पावली परत जातात हे आम्ही दुसऱ्यांच्या घरांत पाहिलं होतं. लग्नाच्या दिवशी अण्णा शांत होते. मुलीचे आजोबा म्हणून व्याहीभोजनाला त्यांना व्याह्यांच्या शेजारी बसवावंच लागलं. पंगतीच्या माथ्यावर व्याही, त्यांच्यापुढे चांदीचं ताट, उजव्या हाताला अण्णा, पुढे दोन्ही बाजूंना पत्रावळींच्या लांबच लांब ओळी.

व्याहीभोजनाचे नियम नव्या मंडळींना माहीत नसतील म्हणून सांगतो. व्याह्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, आणि व्याही बसलेला असताना कुणी उठायचं नाही. मधेच कुणी उठला तर काय झालं, कुणाला झालं, म्हणून सगळी पंगत मान वळवून त्याच्याकडे बघते. व्याही स्वतः उठला तर मात्र सगळी पंगत त्याच्यामागे उठते आणि कुणी काही विचारत नाही. व्याही रुसणं ही लग्नातली मान्य गोष्ट आहे. बऱ्याच घरी त्यासाठी एक समजूत घालणारा मामा तयारच ठेवलेला असतो.

मसालेभात झाला, मठ्ठा फिरत होता, स्वयंपाकघराच्या दारात जिलबीचं ताट दिसलं. तेवढ्यात माझ्या मेहुण्याने हौसेने म्हटलं की वडीलधाऱ्यांनी एक श्लोक म्हणावा. पंगतीत श्लोक म्हणायची पद्धतच होती. अण्णांनी मान हलवली, डोळे मिटले आणि सूर लावला. मी मठ्ठ्याची बादली घेऊन समोर उभा होतो. पहिला शब्द ऐकला आणि बादली खाली ठेवली.

"भुसाऽवळ," अण्णा म्हणाले, "बऱ्हाणपूऽर, खंडवाऽ, हरदाऽ, इटारसीऽ."

सूर असा लागला होता की लांब बसलेल्यांना ते एखादं जुनं संस्कृत स्तोत्र वाटलं असावं. एक दोघांनी तर हात जोडले. जवळच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. अण्णा भोपाळ गेले, बीना गेले, ललितपूर गेले. मग झाशी आली. त्यांनी डोळे उघडले, उष्टा हात धोतराला पुसला, आणि उतरायचं म्हणून पाटावरून अर्धे उठले. वाकून पाटाखाली बघत हळूच विचारलं, "माझी पेटी कुठाय?"

एवढं ऐकू आलं ते दोघांनाच, मला आणि व्याह्यांना. दुसऱ्या क्षणाला सगळ्या मांडवाच्या नजरा अण्णांवर वळल्या असत्या. पण त्या वळल्या नाहीत, कारण अण्णांच्या आधी व्याही ताठ उभे राहिले होते.

मी त्यांना तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. पाच फुटांचा माणूस, पण त्यांनी ओळीवरून जी नजर फिरवली तिने हसणाऱ्याच्या घशात हसू अडकलं, वाढप्याच्या हातातलं ताट तिरकं झालं, आणि पोरं आयांच्या पदराआड गेली. "बस झालं," ते म्हणाले, ते सगळ्यांनी ऐकलं. मग वाकून, अण्णांच्या कानाशी जे म्हणाले ते कुणी ऐकलं नाही, आणि तेच सांगण्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला आहे.

"झाशी आली, अण्णा. पेटी हमालाजवळ दिली आहे. चला, उतरू."

त्यांनी अण्णांच्या दंडाला हात घातला आणि दोघं दोन ओळींच्या मधून दाराकडे निघाले. नेहमीच्या चालीने, पळण्याचा प्रश्न नव्हता. अण्णाही त्यांच्याबरोबर तसेच चालले, मान वर, एखाद्या मोठ्या स्टेशनावर उतरलेल्या माणसासारखे. मागे सगळी पंगत नियमाप्रमाणे उभी राहिली. जिलबीचं ताट दारातच राहिलं.

मी धावत मागच्या अंगणात गेलो. ते हातपंपापाशी अण्णांचा उष्टा हात स्वतः धुवत होते. अण्णांनी विचारलं, गाडी वेळेवर आली का. व्याही म्हणाले, वेळेच्या आधी आली. मी हात जोडले. एवढंच म्हणालो की आत जाऊन आत्ता सगळ्यांना सांगतो. त्यांनी पंपाचा दांडा सोडला.

"काय सांगणार? धाकटी आहे ना अजून?" ते म्हणाले. "लोक आत्ता म्हणतायत, व्याही रुसला. व्याही रुसतातच. म्हणू द्या. यांच्याबद्दल काही म्हणायला सुरुवात झाली तर ती थांबायची नाही." मग सदऱ्याच्या बाहीला हात पुसत, जरा थकल्यासारखे, म्हणाले, "आज तो शब्द मूळ अर्थाने वापरावा लागला. जड असतो हो."

झाशीतल्या मराठी समाजाने बाकी सगळं माफ केलं असतं, जिलबी माफ केली नाही. महिनाभरात त्या उठण्याची अनेक कारणं तयार झाली. कुणी म्हणालं, चांदीच्या ताटाला पोचा होता. कुणी म्हणालं, मठ्ठ्यात आलं कमी होतं. आणि सगळ्यांत जास्त चाललं ते हे, की फलाटावर घंटा बडवणाऱ्याच्या शेजारी पाट मांडला म्हणून जुन्या घराण्याचा रुबाब दुखावला आणि त्यांनी म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं. ज्यांचे पूर्वज दोर आवळायला होते, त्यांच्याबद्दल हे. त्यांच्या स्वतःच्या मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, हे खरं धरलं आणि वर्षभर बापाशी कामापुरतंच बोलला. विहीणबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. आमच्या हिलाही मी काही सांगितलं नाही; तिने दर दिवाळीला त्यांच्याकडे जिलबीचं ताट पाठवायला सुरुवात केली, आणि तो पाहुणचार नव्हता. ते ताट चाटूनपुसून परत येई. समाजाच्या जेवणात त्यांना पुढे कुणी माथ्यावर बसवलं नाही. मधेच कुठेतरी पाट मिळे, आणि वाढणारा हमखास विचारी, "क्यों बाबूजी, आज शेवटपर्यंत बसणार ना?" ते म्हणत, "जिलबी कशी आहे त्यावर."

दर आठवड्याला मात्र ते संध्याकाळी प्रेम नगरात येत आणि अण्णांना घेऊन स्टेशनच्या पुलावर जात. अण्णा त्यांना कधी तिकीट तपासनीस समजत, कधी भुसावळचे जुने स्टेशन मास्तर. तपासनीस असले की त्यांना उलट अण्णाच तिकीट मागत. म्हणून व्याही दर वेळी रांगेत उभे राहून दोन फलाट तिकिटं काढत, एक स्वतःचं आणि एक अण्णांचं, आणि मागितलं की अदबीने दाखवत. अण्णा ते उजेडात धरून बघत आणि म्हणत, ठीक आहे, जा. हे पाहून एकदा स्टेशनातल्या एका खऱ्या तपासनीसाने दोघांना सलाम केला होता.

पुढे धाकटीचं लग्न झालं. त्यानंतर अण्णा गेले. मग लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि व्याह्यांनीही मला पुन्हा कधी अडवलं नाही. तरी मी बोललो नाही. आज सांगू, या श्रावणात सांगू, करता करता इतके दिवस गेले की सांगायचं तर आधी का सांगितलं नाही तेही सांगावं लागलं असतं. शिवाय गोष्ट रंगली होती. तिच्यात विनोद होता, आणि खरं सांगायचं तर मीही तिला हसत असे. एका दिवाळीला जावयाने सगळ्यांसमोर बापाची नक्कल केली, ती नजर, ते उठणं, म्हाताऱ्याला ओढत नेणं. घर हसून लोळलं. व्याही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चकलीकडे पाहिलं. मग तेच मुलाला म्हणाले, "बाकी ठीक. पण मी त्यांना ओढलं नव्हतं. ते माझ्याहून नीट चालत होते."

तीस वर्षांत त्या प्रसंगाबद्दल त्यांनी केलेली दुरुस्ती एवढीच. ती स्वतःसाठी नव्हती.

आता त्यांच्या नातीचं, म्हणजे माझ्याही नातीचं, लग्न ठरलं आहे. ती मला नाना म्हणते आणि त्यांना आबा म्हणायची. मराठी तिला सगळं कळतं, बोलते निम्मं. मांडवाचं बोलणं चाललं होतं, मी सहज म्हटलं की एक तरी पंगत ठेवा, पाटावरची. ती हसली. म्हणाली, "नाना, पंगत नको हं. बुफे ही ठीक है. आबांसारखं कोई रूठ के उठ गया तो?" तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. आबांवर तिचा जीव होता, तरी ती गोष्ट तिनेही घराण्यातल्या दागिन्यासारखी जपून ठेवली होती. मला एकदम कळलं की आपण गेलो की हे असंच राहणार. ही तिच्या मुलांना सांगेल, ती मुलं हातवारे करतील.

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. घंटा, स्टेशनं, पेटी, हातपंप, फलाट तिकिटं. तिने मधे एकदाही फोन पाहिला नाही. शेवटी विचारलं, "पापांना माहीत आहे?" मी म्हटलं, नाही, तू आधी. ती उठली, खिडकीपाशी गेली, आणि मला वाटलं आता मला काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिने फोन लावला आणि मांडववाल्याला म्हणाली, "भैया, बुफे हटा दीजिए. नीचे बैठ के खाएँगे. पत्तल मिल जाएँगे ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "और नाना, जिलबी सबसे पहले वाढायची."

जावयाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने काय केलं ते इथे लिहीत नाही, ते त्याच्या बापाचं आणि त्याचं आहे. आमच्या हिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की ताटात आणखी चार घालायला हव्या होत्या.

तर पंगत ठरली आहे. वयाने सगळ्यांत मोठा आता मीच, त्यामुळे श्लोक मलाच म्हणायला सांगतील. अलीकडे माझाही चष्मा फ्रीजमध्ये सापडतो, नातवंडांची नावं एकमेकांना लागतात, आणि सगळे ते हसण्यावारी नेतात. श्लोक तसे मला चार पाच येतात. पण मी कोणता म्हणणार हे ठरवून ठेवलं आहे. भुसावळपासून सुरुवात करीन, सूर अण्णांचाच लावीन, आणि ललितपूर गेलं की डोळे उघडीन. पंगत तेव्हा ऐकत असेल, माझी नात ऐकत असेल, कुणी हसणार नाही. फक्त झाशी आली की माझ्या आधी उठून उभं राहणारं माणूस शेजारच्या पाटावर नसेल.